सतरा नंबरचं बिजाचं रोप

आग मीनंच लावली. आता लपवून काय फायदा? आमच्या चामोर्शीकडच्या जंगलात फागुन आला का मोहाखालचा पाला जाळाचाच असते. नाई जाळला तर पडलेली फुलं त्या पाल्यातून वेचाची कशी, डोळे फोडून? लग्न होऊन आली तवापासून अठरा वर्षं मी त्या एकाच मोहाखाली काडी लावत आली.

पन सत्तावन साली तिथी बिजाच्या झाडाची साठ रोपं होती. नागपूरच्या कॉलेजातली अन्नपूर्णाबाई आधीच्या पावसाळ्यात आली आन् त्या वीतभर रोपायले जस्ताचे बिल्ले बांधून गेली. बी रुजल्यावर पहिल्या साली किती रोपं जगतेत, ते तिले पाह्याचं होतं. राखण आमच्या मालकाकडं देल्ली. म्हने, काम नीट झालं तर जंगलखात्याच्या साहेबाले सांगून चौकीदार करते. आमच्या सात पिढ्यात कोनी खाकी डगला घातला नव्हता! मालक तर चालतानाच ताठ झाले.

"त्या मोहाखाली जाऊ नको," असं त्यायनं मले दहादा सांगतलं होतं. पन ते गेले बाजाराले, आन् माह्या हाताले अठरा वर्षांची सवय. धूर निघाला तवा डोक्यात उजेड पडला. अवो बाप्पा! पदर जळेस्तोवर झोडपलं. साठच्या साठ गेले. राखेत नुसते बिल्ले राह्यले.

मालकानं पाह्यलं आन् तिथीच बसले. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हनले, "माह्या बिडीनं लागली, असं सांगतो."

"काऊन? मले तोंड नाई का?"

आठ दिवसांनी बाई आली. मी पुढं झाली. "मालकाचा दोष नाई, बाई. मीनं जाळलं."

तिचं तोंड उतरलं. "माझं सगळं काम गेलं," म्हनली आन् राखेतले बिल्ले वेचू लागली.

मले राहवलं नाई. "पन मेले कुठी, बाई? दरसाली जळतेत, दरसाली येतेत."

ती चिडलीच. "भागीरथाबाई, कोवळं रोप जळाल्यावर पुन्हा येत नसतं!"

"कोवळं कोन म्हनलं?"

मी खुरपं घेतलं आन् सतरा नंबरच्या बिल्ल्यापाशी खोदलं. हातभर खाली गेली तरी मूळ सरेना. वर काडीएवढं, आन् खाली माह्या मनगटाएवढं. बाईनं चाकूनं साल खरवडली. आत ओलं होतं, जितं होतं.

"हे किती वर्षांचं?"

"मी आली तवाबी इथी ही काडी दिसे. माह्या लीलाच्या बारशाच्या सालीबी मीनं जाळली."

बाईनं वही उघडली. साठही नंबरांपुढं तिनं 'वय एक वर्ष' लिवलं होतं. ते एकेक खोडत गेली. मंग म्हनली, "नाव लिहिते."

मले वाटलं, जाळणाऱ्याचं नाव लिवते. "माह्यं लिवा. मालकाचं नको."

"तुमचंच लिहितेय." तिनं वाचून दाखवलं: "भागीरथाबाईंनी अठरा वर्षं सांभाळलेली रोपं."

मले एकदम रडू आलं. "सांभाळली कुठी, बाई? अठरा वर्षं मी त्यायले झाड होऊ देल्लं नाई."

बाईनं साहेबाले सांगतलं, आन् मालकाले डगला भेटला. पुढच्या फागुनात तो घालून ते मोहाखाली उभे होते, आन् मी त्यायच्या पायापाशी पाल्यातून एकेक फूल वेचत होती. डोळे फोडून. काडीची पेटी घरीच ठेवली होती.