टेकाडावरचा शेवटचा जुना मीटर

"जा गं बाई, जा! तो तुझा बोलका मीटर तुझ्याच दाराला लाव," ओकबुन आजींनी फटीतूनच सुनावलं आणि दार लावून घेतलं.

मालसुकने कपाळाला हात लावला. सॉकगोल वस्तीच्या या टेकाडावर ती वर्षानुवर्षं दर महिन्याला पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत हिंडली होती. कुठल्या घरचं कुत्रं चावरं आणि कुठल्या घरची सून, सगळं तिला पाठ. आता घरोघरी नवे मीटर बसले होते, ते आपला आकडा आपणच ऑफिसात कळवत. टेकाडावर पाणी चढतं किती आणि घरांत पोचतं किती, याचा ताळा तिथला संगणक लावणार आणि पाणी कुठे मुरतंय ते दाखवणार. पण हाताने टिपलेला आकडा त्याला चालत नव्हता आणि एक घर सुटलं तरी ताळा लागत नव्हता. आणि सुटलेलं घर एकच होतं, ओकबुन आजींचं.

इकडे वरच्या आळीतल्या नळांना करंगळीएवढी धारही नव्हती. त्यात किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस. घरोघर कोबी मिठात घातलेला आणि धुवायला पाणी नाही. आज-उद्या पाणी आलं नाही तर सगळ्या हिवाळ्याची बेगमी सडणार होती.

"ताई, ही म्हातारी काही बधायची नाही," फिटर बांग म्हणाला. "मी खाली जाऊन कॉफी घेऊन येतो."

"बधेल. हत्यारं घेऊन इथंच बस तू."

तेवढ्यात वरच्या आळीतली हेजाची आई रिकामी बादली आपटत उतरली. "काय हो आजी, आमचा कोबी कुजल्यावर उघडणार का दार? तुमच्या नळाला पाणी आहे ना, मग बाकीचे मेले तरी चालतील!" हेजाची आई पुटपुटत खाली निघून गेली.

मालसुक तावातावाने घराला वळसा घालून, आंबवलेल्या सोयाबीनच्या रांजणांमधून वाट काढत मागच्या दारात जाऊन उभी राहिली. "आजी, मीटर बसवल्याशिवाय मी आज हलत नाही. बघू कोण आधी थकतंय."

"बस की. खालून जमीन तापवलीय, गार लागायचं नाही," आजींनी भाजक्या सातूचा चहा पुढे सरकवला.

"लोक शिव्या घालतायत तुम्हाला!"

"घालू देत. मला कमी ऐकू येतं."

"आजी, खरं काय ते सांगा."

आजींनी स्वतःसाठीही चहा ओतून घेतला. "तो तुझा बांग परवा माझ्या भिंतीपाशी फोनवर बोलत होता. शेवटचा जुना मीटर निघाला की तुझी नोकरी संपली म्हणून. खरं ना?"

"तुम्हाला तर कमी ऐकू येतं!"

"कामाचं येतं. नवरा गेला तुझा, पोरगी अजून शिकतेय. माझा मीटर आहे तोवर तुला पगार द्यावाच लागेल त्यांना. मला काय, हटवादी म्हातारी म्हणतील. म्हणेनात!"

नोकरीचं मालसुकने कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. तिला राग आला, आजींचा आणि स्वतःचाही.

"आजी, एका मीटरवर माझी नोकरी किती दिवस तगणार? आणि वरच्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन उतरतात, त्यांच्या तोंडाकडे बघू कशी मी? नोकरी माझी आहे, तिचं मी बघेन. भांडी घाशीन, जिने झाडीन. पण हा मीटर आज बसणार."

"फार हट्टी आहेस गं."

"तुमच्याहून कमीच."

आजी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि पुढचं दार उघडायला गेल्या.

जुन्या मीटरचा शेवटचा आकडा मालसुकने खाली वाकून स्वतः टिपला आणि मग बांगला खूण केली. दुपारपर्यंत ताळा लागला. सार्वजनिक जिन्याच्या वळणाखाली नळ फुटला होता आणि पाणी गुपचूप गटारात चाललं होतं. दुसऱ्या दिवशी जिना खोदला, नळ बदलला. संध्याकाळी वरच्या आळीतले नळ फुसफुसले, खाकरले आणि धो धो वाहायला लागले. त्याच संध्याकाळी मालसुकने गणवेशाचं जाकीट ऑफिसात जमा केलं.

सकाळी हेजाच्या आईच्या अंगणात किमची घालायला सगळी आळी जमली. मालसुकला आग्रहाचं बोलावणं होतं. ओकबुन आजी मात्र न बोलावता आल्या, हातमोजे चढवून मालसुकशेजारी बसल्या आणि निमूटपणे कोबीच्या पानापानात मसाला भरू लागल्या.

"आल्यात का! सुचलं एकदाचं शहाणपण," हेजाची आई म्हणाली. "आमचं पाणी अडवून काय मिळालं हो आजी?"

बायका हसल्या. मालसुकला राहवेना.

"हेजाची आई, तुम्हाला ठाऊक तरी आहे का, आजींनी कुणासाठी—"

पुढचं तोंडातच राहिलं. आजींनी लालभडक मसाल्याने माखलेलं कोबीचं पान गुंडाळून तिच्या तोंडात कोंबलं होतं. "मीठ बघ," त्या दरडावून म्हणाल्या.

मालसुक चावत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तिखट झालं काय गं?" हेजाच्या आईने विचारलं.

"काही नाही," ओकबुन आजी पुढचा गड्डा ओढून घेत म्हणाल्या, "बरोबर झालंय."