छप्पर गळते काय?

ही गोष्ट शंभर टक्के खरी, आणि तुमच्यातला एकही जण तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी आधीच लिहून देतो.

आमचे दादा कारखाने तपासायचे. कामाची घडी नीट बसलेली आहे का ते बघून प्रमाणपत्राची शिफारस करायचे. हातात प्रश्नांची यादी. प्रत्येक प्रश्नापुढे 'होय' नाहीतर 'नाही', तिथे खूण करायची. यादीतून मान म्हणून वर काढायचे नाहीत. घरीसुद्धा भाजी वाढली की वहिनीला विचारायचे, मीठ घातलंय, होय की नाही? चाखून बघायची पद्धत नव्हती.

एकदा ते छत्र्यांच्या कारखान्यात गेले. प्रमाणपत्र हुकलं तर मोठं गिऱ्हाईक हातचं जाणार, मग टाळंच लागणार. त्यामुळे मालकीणबाई जीव मुठीत धरून त्यांच्या मागे हिंडत होत्या. निम्मी यादी सरली आणि अशी वावटळ सुटली, की छपराचे पत्रे पत्त्यांसारखे उडाले. वर धो धो पाऊस. दादा आपले पुढच्या प्रश्नावर: छप्पर गळते काय?

मालकीणबाईंना रडू फुटलं. "साहेब, छप्परच नाही हो."

दादांची लेखणी अडली. 'होय' म्हणावं तर गळायला छप्पर हवं. 'नाही' म्हणावं तर टकलावर धार लागलेली. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. बघतात तो काय, कुणी न सांगता वीज बंद केलेली, एकेका यंत्रावर एकेका कामगार बाईने छत्री धरलेली, मुकादमीण माणसं मोजून घेतेय. स्वतःच्या डोक्यावर मात्र एकीच्याही छत्री नाही. यातलं काही म्हणता काही यादीत नव्हतं.

दादांनी कागद उलटा केला आणि दिसलं ते सगळं कोऱ्या बाजूला लिहून काढलं. खाली प्रमाणपत्राची शिफारस, आणि 'छप्पर बसवून कळवावे'. मग म्हणाले, "बाई, डोळे पुसा आता. पुढच्या खेपेला मी आधी कारखाना बघेन, यादी नंतर."

चहा गाळता गाळता माझी ही गोष्ट ऐकणाऱ्या वहिनीने गाळणं खाली ठेवलं.

"भावजी, छपराचे पत्रे उडाले, आणि ह्यांच्या हातातला कागद तेवढा जागेवर राहिला? होय की नाही, एवढंच सांगा."