खोडावरचे पाखरू

हिवाळा सरत आलेल्या एका बुधवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागच्या गल्लीत, आठ प्रवासी एका चारमजली इमारतीच्या बाजूच्या भिंतीपुढे येऊन उभे राहिले. भिंतीला एकही खिडकी नव्हती. म्हणूनच चित्रकाराने ती निवडली होती. पायापासून गच्चीपर्यंत तिच्यावर एकच झाड रंगवलेले होते.

सकाळपासूनचे हे अकरावे चित्र. आठ जणांत एक निवृत्त मिस्त्री होता, त्याची बायको होती आणि धाकटी मेहुणी होती. शहरातल्या भिंतींवरची चित्रे पाहत हिंडण्याचा बेत मेहुणीचा. भाऊजी केवळ पिशव्या धरायला आले आहेत, असे तिने सर्वांना सांगून ठेवले होते. ते अगदीच खोटे नव्हते. एकतीस वर्षे गिलावा करण्यात घालवलेल्या या माणसाला दहाही चित्रांत रंगाखालचा गिलावाच तेवढा दिसला होता, आणि सहा ठिकाणी त्याने तो नापास केला होता.

"आता सगळ्यांनी भिंतीला पाठ टेकवायची," वाट दाखवणारी मुलगी म्हणाली. "डोकं मागे, नजर वर. फांद्या तुमच्या अंगातून फुटल्यासारख्या वाटतील. लांबून ही गंमत नाही कळत. आणि हो, खोडावर एक पाखरू लपलंय. महिन्यापूर्वीच चित्र पुरं झालंय, फार जणांना ते अजून सापडलेलं नाही."

मिस्त्रीला ते पहिल्या नजरेत सापडले. खोडाच्या मधली काळी रेघ रंगाची नव्हतीच. ती भिंतीची खरी भेग होती, आणि चित्रकाराने मोठ्या खुबीने तिच्याभोवती झाड उभे केले होते. भेगेवर, छातीच्या उंचीला, वीतभर लांबीचे निळे पाखरू आडवे बसले होते. त्याचे अंग भिंतीपासून किंचित उचललेले होते. मिस्त्रीने चष्मा पुसला आणि जवळ जाऊन पाहिले.

ती काचेची पट्टी होती. भेग वाढते आहे की थांबली आहे, हे कळावे म्हणून तिच्यावर आडवी काच बसवतात, दोन्ही टोके सिमेंटने पक्की करतात आणि वाट पाहतात. भिंत स्वस्थ असेल तर काच शाबूत राहते. भिंत हलली की काच तुटते. अशा पट्ट्या त्याने आपल्या हातांनी शेकड्यांनी लावल्या होत्या. चित्रकाराला ती कोणाची तरी विसरलेली काच वाटली असावी. त्याने तिला पंख काढले होते.

पाखराची मान तुटलेली होती.

त्याने नखाने रंग चाचपला. काचेबरोबर रंगही चिरला होता. म्हणजे काच रंगानंतर तुटली, या महिन्याभरात. तुटलेल्या कडेवर धुळीचा कण नव्हता. म्हणजे महिनाही नव्हे. या गल्लीतल्या धुळीत काच एका दिवसात मळली असती. इतकी ताजी तुटलेली पट्टी उभ्या हयातीत त्याने एकदाच पाहिली होती, आणि त्या भिंतीने माणसांना चार तासही दिले नव्हते.

बायको तीन हातांवर उभी होती. डोके भिंतीला टेकलेले, डोळे वर, चेहरा खुललेला.

"बाजूला हो," तो म्हणाला. तिला ते ऐकू गेले नाही.

"अहो, इकडे या ना! फांदी बघा कशी कानातून निघालीय!"

"हो बाजूला! सगळेच व्हा! भिंत हललीय!"

कोणी हलले नाही. मेहुणी मात्र हसली. "झालं सुरू! भाऊजी, माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही कार्यालयाचे खांब ठोकून बघत होतात. नवरा मुलगा राहिला बाजूला, सगळे तुमच्याकडे बघत होते. पडला का एक तरी खांब?"

"नाही पडला."

"मग?"

वादात तो सहसा कोणाला हार जात नसे. परंतु वादाला वेळ लागतो, आणि वेळ किती उरला आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याने बायकोचे मनगट धरले आणि तिला ओढत गल्लीच्या टोकाकडे नेले. चौतीस वर्षांच्या संसारात चारचौघांदेखत त्याने असे कधी केले नव्हते. तिने रागाने वर पाहिले. मग तो तिच्याकडे नव्हे, भिंतीकडे पाहतो आहे, हे तिच्या लक्षात आले.

"ए, चल इकडे," ती बहिणीला म्हणाली. "हे घाबरलेत."

"त्यांचं नेहमीचंच आहे गं."

"नेहमी कुरकुरतात. घाबरत नाहीत. ये म्हणते ना!"

मेहुणीचे हसू मावळले. ती आली, तिच्यामागून बाकीचे आले.

"आत कोण राहतं?" मिस्त्रीने विचारले.

"वर तीन बिऱ्हाडं. खाली शिंपीकाकांचं दुकान," मुलीने सांगितले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

आत जाण्याची त्याची बिलकूल इच्छा नव्हती. पण काय सांगायचे आणि किती घाईने, हे तिथे त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. तो गेला. दुकानाचे दार अर्धवट उघडून थांबले.

"जोरात ढकला, अडकतंय ते," आतून शिंपी म्हणाला.

"कधीपासून?"

"आज जेवून आलो तेव्हापासून. सकाळी नीट लागत होतं."

"काका, उठा. बाहेर चला."

"अहो, एवढी बाही..."

"बाही राहू द्या!"

तेवढ्यात छतातून चिमूटभर रेती यंत्रावरच्या कापडावर पडली. शिंप्याने रेतीकडे पाहिले, छताकडे पाहिले, आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन तो असा काही ओरडला की वरची तिन्ही बिऱ्हाडे अनवाणी खाली उतरली. सर्वांत शेवटी एक म्हातारी शिंप्याच्या पाठीवरून आली. मिस्त्री तिच्या मागे होता, आणि रस्त्यावर येईपर्यंत त्याने श्वास सोडला नव्हता.

वाट दाखवणाऱ्या मुलीने फोन करून बोलावलेला पालिकेचा अभियंता पाऊण तासाने पोहोचला. त्याने सर्वांना आणखी मागे सारले, एकटा भिंतीपाशी गेला, भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा केल्या आणि अंतर मोजले. वीस मिनिटांनी पुन्हा मोजले. मग तो झपाझप परत आला.

"भेग दीड मिलिमीटर वाढलीय, तुमच्या भाषेत अर्धा सूत," तो मिस्त्रीला म्हणाला. बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि चित्र?" वाट दाखवणाऱ्या मुलीने रडवेल्या आवाजात विचारले.

"चित्राला काही झालेलं नाही," अभियंता म्हणाला. "भिंत कामातून गेलीय. पाडावी लागेल, आणि आजच."