घराच्या मागच्या भिंतीपर्यंत

मी एक जीपीएस बोलतोय. मोबाइलमधला नव्हे, डोंगरात भटकणारे लोक हातात धरतात तो. तळहाताएवढा, रबरी कडांचा, पोटात दोन सेल. बोलतोय म्हणजे काय, एरवी मला फक्त ‘पीं’ करता येतं. पण गेले काही महिने मला माझीच लाज वाटते आहे, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं काम तसं सोपं. उपग्रहांचे इशारे ऐकायचे आणि मला धरणाऱ्याला तो कुठे आहे ते सांगायचं. एखादं ठिकाण माझ्यात जपून ठेवलं, की तिकडे बाण दाखवायचा. बाण नेहमी सरळ. मध्ये दरी आहे की भिंत, ते मला दिसत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मला आणलं एका मुलीने, तिच्या बाबांसाठी. बाबा कारखान्यात फोरमन होते. सुट्टीच्या दिवशी मात्र घरात थांबायचे नाहीत, मित्रांना घेऊन डोंगरात जायचे. रान कितीही दाट असो, चुकायचे नाहीत, म्हणून मित्र त्यांना ‘वाटाड्या’ म्हणायचे. मला बघून त्यांनी नाक मुरडलं. मुलीने ऐकलं नाही. छपराखाली मला आकाश दिसत नाही, म्हणून ती मला मागच्या बाल्कनीत घेऊन गेली आणि तिथेच उभं राहून तिने पहिलं ठिकाण जपलं. त्याला नाव दिलं ‘घर’.

“घर शोधायला यंत्र? मी काय कुकुलं बाळ आहे?” वाटाड्या हसले.

“असू दे ना बाबा.”

“असू दे, असू दे,” आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. शेजारीपाजारी त्यांना काकू म्हणतात, मीही तेच म्हणतो. “भाजी आणायला म्हणून जातात आणि मित्र भेटला की यांचा पत्ता नसतो.”

सगळे हसले. मीही माझ्या परीने हसलो.

डोंगरात त्यांनी मला सॅकच्या तळाशीच ठेवलं. फक्त एकदा, भर धुक्यात, पाठमोरे होऊन त्यांनी मला गुपचूप काढलं, बाण पाहिला आणि पुन्हा आत कोंबलं. मग वारा हुंगल्यासारखं करून म्हणाले, “इकडून चला रे.” मित्रांनी वाहवा केली. मला राग आला नाही. गंमतच वाटली. आमच्या दोघांची चोरी होती ती, आणि निरुपद्रवी होती.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, नोकरी संपली, डोंगर सुटले. मी कपाटात गेलो. धूळ खात पडायची मला सवय झाली होती.

एका सकाळी कपाट उघडलं. मला वाटलं, चला, निघाले डोंगरावर! पण त्यांनी मला पुसलं, पँटच्या खिशात टाकलं आणि ते निघाले दाढी करायला. न्हाव्याच्या दुकानाबाहेर आले आणि थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग कापडी पिशवीच्या आडोशाला मला धरून त्यांनी ‘घर’ शोधलं.

मी बाण दाखवला. बाण नेमका समोरच्या इस्त्रीच्या दुकानातून आरपार गेला. गावातले रस्ते माझ्या पोटात नाहीतच. मी काय करणार? ते बिचारे दुकानापुढे उभे राहिले.

“काय काका, काय शोधताय?” इस्त्रीवाल्याने विचारलं.

“काही नाही रे. किती वाजले बघतोय.”

त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. इस्त्रीवाल्याने ते पाहिलं असणारच, कारण तो मान खाली घालून शर्टाची कॉलर दाबायला लागला. मला तिथल्या तिथे बंद पडावंसं वाटलं.

त्या दिवशी वळणं घेत घेत पोहोचलो घरी. “इतका वेळ?” काकूंनी विचारलं. “अगं, जुना सुपरवायझर भेटला. सोडेचना.” कुणीही भेटलं नव्हतं. ते खिशातल्या मला ठाऊक होतं.

मग हे रोजचंच झालं. मला सेल लागतात, आणि दुकानात जाऊन सेल मागायचे तर दुकान सापडायला हवं. त्यांनी आधी टॉर्चचे काढले. मग भिंतीवरच्या घड्याळाचा आणि गजराच्या घड्याळाचा.

“या घरातली घड्याळं एकदम कशी हो मरतात?” काकूंनी विचारलं.

“हवेत ओल आहे,” वाटाड्या म्हणाले.

खोटं बोलायचं त्यांना जमत नव्हतं, आणि माझ्यामुळे ते बोलत होते. मी नसतो तर पहिल्याच दिवशी कुणाला तरी विचारलं असतं, घरी कळलं असतं, डॉक्टरांना दाखवून झालं असतं. विसरणं झाकायला मी त्यांना मदत करत होतो. धुक्यात केली, तशीच.

मग तो दिवस आला. चष्म्याची काडी बसवून आणायला ते गेले होते. येताना बाणामागून एका अरुंद बोळात शिरले. पुढे वाट नव्हती. समोर शेवाळलेली भिंत, सांडपाण्याचा पाइप, वर एक बाल्कनी. मी आनंदाने ‘पीं’ केलं आणि पडद्यावर झेंडा फडकवला: पोहोचलात! चूक काहीच नव्हती. मुलीने घर जपलं होतं ते याच बाल्कनीत उभं राहून. पण घराची मागची बाजू त्यांनी खालून कधी पाहिलीच नव्हती. ते भिंतीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे.

बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होती.

“अहो ताई,” ते वर बघून म्हणाले, “जरा वाट सांगता का? मला घरी जायचं होतं.”

काकूंचा चिमट्याचा हात तसाच राहिला. त्यांना आधी थट्टा वाटली, त्या हसल्यासुद्धा. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. परक्या बाईशी बोलताना असते ती अदब होती त्यावर. मी खाली झेंडा फडकवतच होतो. तो मिटवायचं माझ्या हातात नसतं.

“थांबा हं,” काकू म्हणाल्या. आवाज त्यांनी कसा सांभाळला कोण जाणे. “मी खाली येते. मलाही तिकडेच जायचंय.”

त्या ओल्या हातांनीच आल्या. इमारतीला वळसा घालून दोघं पुढच्या फाटकाशी आले, तेव्हा वाटाड्या एकदम थबकले.

“अगं, तू कधी आलीस खाली?”

“आत्ताच,” काकू म्हणाल्या.

बाल्कनीखाली विचारलेला तो वाटेचा प्रश्न आम्ही तिघांनी ऐकला. एकाला तो आठवत नाही. दुसरीने तो कुणाला सांगितलेला नाही, मुलीलाही नाही. तिसरा मी, आज तुमच्यापुढे सांगून बसलोय, आणि त्याचीही लाज वाटतेच आहे.

संध्याकाळी काकूंनी खिशातून मला काढलं. उलटं करून सेल पाहिले, बंद घड्याळाकडे पाहिलं आणि मला टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवलं.

“मी सांगणार होतो तुला,” वाटाड्या खाली मान घालून म्हणाले.

“कधी?”

“आठवलं की.”

दोघंही खो खो हसली. हसता हसता त्यांचे डोळे कधी भरले, ते मला कळलं नाही. काकूंनी खुर्ची जवळ ओढली. “हे कसं लावायचं, मला शिकवा.”

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी उभं राहून वाटाड्यांनी काकूंना दाखवत जुनं ‘घर’ पुसलं आणि नवं जपलं. बोटांना सगळं आठवत होतं. घड्याळांना त्यांचे सेल परत मिळाले. मुलीला आजाराचं कळवलं, डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू आहेत.

आता मी काकूंच्या पर्समध्ये असतो. दोघं संध्याकाळी फिरायला निघतात. प्रत्येक कोपऱ्यावर काकू विचारतात, “इथून कुठे हो?” वाटाड्या हात करतात, तिकडे जातात. वाट चुकलीच, तर थोडं चालून काकू म्हणतात, “दमले बाई मी, परत फिरू या.” फाटकाशी मी ‘पीं’ करतो. झेंडा फडकला की अजून मला चोरट्यासारखं होतं.

एक मागणं आहे. त्यांच्या खिशात आता मी नसतो. एखाद्या दिवशी ते एकटेच बाहेर पडतील आणि तुमच्या दारासमोर उभे राहून, फार अदबीने, स्वतःच्या घराची वाट विचारतील. त्यांना नावगाव विचारत बसू नका. हसू तर मुळीच नका. चपला घाला आणि म्हणा, थांबा हं, मलाही तिकडेच जायचंय.