संध्याकाळच्या वर्गाची फी

म्हाळसाबाईनं सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता बाहेरून बारावी काढली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, मुंजाबानं, वाळूजच्या कंपनीत पेढे वाटले. आता पुरे झालं, असं त्याला वाटलं. पण बजाजनगरातली खानावळ सांभाळून चाळिशीतल्या बायकोनं शहरातल्या कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गाला नाव घालायचं काढलं. आणि विषय कोणता, तर भूगोल.

"भूगोल शिकून काय करशील?"

"बघू की," म्हणून ती कणीक मळायला लागली.

मुंजाबाच्या डोक्यात भुंगा शिरला. नोकरीसाठी म्हणावं, तर वय निघून गेलेलं. मिरवायची तिला सवय नाही. मग कशापायी?

कॉलेजातला क्लार्क म्हणाला, "सरकार फी भरतं, पण दिवसाच्या पोरींची. संध्याकाळच्या वर्गाला नाही."

मुंजाबा उठला. म्हाळसाबाई बसूनच राहिली. "नाय असं कुठं लिवलंय, ते दावता का?"

तिला भांडायचं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं. क्लार्कनं शोधशोध शोधलं, पण तसं काही सापडेना. शेवटी त्यानं दोघांना सरकारी कचेरीत धाडलं.

तिथं साबळेसाहेबांनी नियम पुन्हा पुन्हा वाचला. "कमाल आहे. वयाची अट नाही, वेळेचीही नाही. आजवर कुणी नियम दाखवा म्हटलंच नाही, म्हणून आम्ही नाहीच म्हणत आलो. वर विचारावं लागेल. बाई, कारण काय लिहू? शिकायचं कशाला?"

मुंजाबा खुर्चीत पुढं सरकला.

म्हाळसाबाई जरा लाजली. "ल्हान असताना कन्नडच्या घाटात आमी मेंढरं चारायचो. एकदा दगड फुटला. वरून काळा फत्तर, आत सगळं काचंवानी चकाकत व्हतं. बापाला इचारलं, हे आत कुणी भरलं? तो म्हणला, देवानं. पर देवानं कसं भरलं, ते मला पायजे व्हतं. तवापासून डोक्यातच हाय."

साहेबांनी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मुंजाबा म्हणाला, "मला कधी सांगितलं नाय."

"तुमी हसला असता."

असता खरा. तो मोटरसायकलीकडं चालू लागला.

वरून लवकर उत्तर येईना. प्राचार्यांनी तोवर तिला वर्गात बसू दिलं. दिवाळी उलटल्यावर मंजुरी आली, आणि एकटीलाच नाही, त्या वर्गातल्या नर्सबाईला न् दोघी कंडक्टर बायकांनाही.

एके दिवशी पहिली पाळी करून मुंजाबा तिला आणायला गेला. वर्ग सुटला नव्हता. त्याला दाराशी घुटमळताना सरांनी पाहिलं आणि आत बसायला सांगितलं. भरती-ओहोटीचा धडा चालू होता. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता.

परतताना वाळूजच्या अलीकडचं छोटं पंढरपूर आलं. तिथल्या पुलाजवळ गाडी हळू करून मुंजाबा म्हणाला, "चांद समुद्राचं पाणी वढतो म्हणं. मंग आपल्या हिरीचं का नाय वढत?"

म्हाळसाबाईनं बराच विचार केला. "मला बी नाय ठावं," ती म्हणाली. "उद्या तुमीच इचारा सरांना."