नकोचं भाषांतर

राग आला की उत्तराचे कान लालबुंद व्हायचे. त्या शुक्रवारी दुपारी अल हैलला राजीवकाकांच्या हॉलमध्ये पडदे ओढून अंधार केलेला होता म्हणून बरं, नाहीतर लोकांनी सिनेमा सोडून तिच्याकडेच बघितलं असतं.

त्याचं झालं असं. राजीवकाकांना सिनेमाचं वेड. महिन्यातून एकदा मस्कतमधली मराठी घरं त्यांच्याकडे जमायची आणि काका युरोपातले असे सिनेमे दाखवायचे की ज्यात घोडा जिन्यात उभा असतो आणि का उभा आहे ते कुणीच विचारत नाही. या वेळचा सिनेमा पोर्तुगीज होता. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांना इंग्रजी सबटायटल भरभर वाचता येत नाहीत, म्हणून काकांनी मराठी करून घ्यायचं ठरवलं. कोण करणार म्हटल्यावर सगळे छताकडे बघायला लागले, आणि उत्तरानं हात वर केला. अल घुब्राच्या शाळेत अकरावीत शिकणारी, लहानपणी 'माझा आई' म्हणून सगळ्यांना हसवणारी उत्तरा. पण यंदा तिला कंठ फुटला होता. मराठी बोलताना ती आता अडखळत नव्हती, आणि अडखळली तरी कुणाच्या बापाला घाबरत नव्हती.

सिनेमातल्या माणसाला टोप्यांच्या दुकानातली एक बाई आवडते. ती नको म्हणते. मग हा काय करतो, तर एका सकाळी तिच्या घराचं दारच बिजागऱ्यांतून उखडतो, दोरीनं पाठीला बांधतो आणि गावभर हिंडतो. ट्राममध्ये, बाजारात, दुसऱ्याच कुणाच्या लग्नात, जिथे मनात येईल तिथे दार उभं करून टकटक करतो. आणि दारामागे तीच बाई. कधी तिच्यामागे स्वयंपाकघर असतं, कधी समुद्र, कधी नन बायकांनी भरलेला वर्ग. ती दर वेळी एकच शब्द म्हणते आणि दार लावून घेते.

इंग्रजीत तिथे नुसतं 'नो' होतं. उत्तरा त्या एका शब्दावर अडली. 'नाही' लिहावं का? पण नाही म्हणजे नुसती माहिती झाली. दुकानात दूध नाही, बस अजून आली नाही. 'नको' मात्र माणसाच्या आतून येतं, त्याच्या मर्जीचं असतं. तिला हे इतकं आवडलं की तिनं सगळीकडे 'नको' टाकलं आणि फाइल काकांना मेल केली.

आवडायला कारणही होतं. काकांचा मुलगा सलील, तिच्याच शाळेत बारावीला. गणपतीत त्यानं तिला मांडवामागे गाठून विचारलं होतं आणि तिनं तिथल्या तिथे सांगितलं होतं, नको. तरी हा रोज शाळेच्या बसपाशी उभा. बोलायचा नाही, नुसता हसायचा, दवाखान्यात टोकन घेऊन बसलेल्या माणसासारखा निवांत, आपला नंबर येणारच म्हणून. उत्तरा रोज मान खाली घालून बसमध्ये चढायची आणि घरी येईपर्यंत चरफडत राहायची.

तर, सिनेमा सुरू झाला. पहिली टकटक. बाईनं दार उघडलं, ओठ हलले, आणि खाली अक्षरं आली: आत्ता नको.

उत्तराला वाटलं आपणच चुकीचं वाचलं. दुसरी टकटक. 'इश्श, इतक्यात नको.' तिसरी. 'थोडं थांबा ना.'

"लाजतेय गं बाई," पुढच्या खुर्चीतल्या द्रौपदीआजी म्हणाल्या आणि सगळा हॉल खुदुखुदु हसला.

पडद्यावरची बाई लाजत वगैरे अजिबात नव्हती. तिचा जबडा आवळलेला होता. ती सगळं अंग रेटून दार लावत होती, आणि तिच्या त्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं, थोडं थांबा ना. जणू कुणी तिचं तोंड दाबून दुसऱ्याच्याच गळ्यातून बोलत होतं.

उत्तरा उठली, लॅपटॉपपाशी गेली आणि सिनेमा थांबवला.

"काका, हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, जरासा हात फिरवला मी," राजीवकाका कौतुकानं म्हणाले. "नुसतं नको नको नको, फार रुक्ष वाटत होतं. बाईचा नकार असा धोंडा मारल्यासारखा नसतो, बेटा. त्यात एक गोडवा असतो. सगळा सिनेमा त्यावरच तर उभा आहे."

"सिनेमा दारावर उभा आहे. त्यानं तिच्या घराचं दार उखडून नेलंय, काका. ती बाई तिकडे बिनदाराच्या घरात राहतेय, आणि तुम्हाला गोडवा दिसतोय."

कुणीतरी घसा खाकरला. कुणीतरी दिवा लावला. वातावरण हलकं करायला सुचित्राकाकू, म्हणजे सलीलची आई, हसत हसत पुढे आल्या.

"चिडतेस काय एवढी? तुझं तरी काय वेगळं होतं गं? तूही आधी नकोच म्हणालीस. मग तुझ्या आईनंच, माधवीनंच नाही का सांगितलं मला, सध्या नको म्हणतेय, बारावी होऊ दे."

उत्तरा आईकडे वळली. आई ओढणीचे गोंडे सारखे करत होती.

"आई?"

"घरी बोलू."

"काय सांगितलंस तू?"

"उत्तरा, लोक आहेत."

"म्हणजे सांगितलंस."

एवढे महिने ती सलीलवर दात खात होती, आणि टोकन तिच्याच घरातून फाडलं गेलं होतं. तिनं शोधलं तर सलील मागच्या भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून उभा.

"म्हणून तू बसपाशी थांबतोस?"

"मम्मी म्हणाली, वेट कर."

"मम्मीचं सोड. मी काय म्हणाले होते तुला?"

"नको म्हणालीस."

"मग?"

"मला वाटलं मुली तसंच म्हणतात. आधी."

"कुणी सांगितलं तुला?"

सलीलनं वर बघितलं. तो बघत होता तिकडे सगळ्यांनी बघितलं. पडद्यावर बाई दारात थिजलेली, आणि खाली ठळक अक्षरांत, थोडं थांबा ना. राजीवकाकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"माझी फाइल मेलमध्ये आहे," उत्तरा म्हणाली. "लावतेय. ज्यांना गोडवा हवा असेल त्यांनी बाहेर चहा घ्या. बाकीचे यल्ला, चला, बसा."

कुणी उठलं नाही. सिनेमा पुढे सुरू झाला. टकटक. नको. पावसात, ट्राममध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर. नको. आता कुणी हसत नव्हतं. माणूस दाराच्या ओझ्यानं वाकत चालला तरी टकटक सोडेना, तेव्हा द्रौपदीआजी न राहवून म्हणाल्या, "मेल्याला ऐकू येत नाही का काय?"

सिनेमा संपल्यावर चहा, ढोकळा, हवेच्या गप्पा. आईनं उत्तराला चपलांच्या कोपऱ्यात ओढलं.

"बाबांचं दुक्म बंदरातलं काम राजीवभावजींच्या ओळखीनं लागलं, विसरलीस? त्यांच्या तोंडावर कशी नको म्हणणार होते मी? म्हटलं, दोन वर्षांत पोरं विसरतात."

"तुला बोलायला अवघड जातं म्हणून मी दोन वर्षं मान खाली घालून बसमध्ये चढू?"

"मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नाही. माझ्यासाठीचं मी करून आले होते. तू ते खोडलंस." उत्तराचा आवाज फुटायला लागला, म्हणून तिनं तो आणखी चढवला. "आता जा आणि सांग. मी एकदा सांगितलंय, मी पुन्हा सांगणार नाही."

माधवीनं लेकीकडे बघितलं. ओरडेल असं वाटलं, पण ओरडली नाही. एका पायात चप्पल तशीच ठेवून ती लंगडत ओट्यापाशी गेली. सुचित्राकाकू उरलेला ढोकळा तिच्यासाठीच डब्यात भरत होत्या.

"सुचित्रा, ती नको म्हणाली होती. ते 'सध्या' मी घातलं."

"म्हणजे बारावीनंतर..."

"बारावीनंतरही नको. सलीलला सांग, बसपाशी थांबू नकोस म्हणावं."

सुचित्राकाकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा स्वतःच्याच फ्रिजमध्ये ठेवून दिला.

गाडीत बसल्यावर आईला सीटबेल्ट लावता येईना. उत्तरानं तो ओढून लावून दिला. पण तिचा राग मुळीच गेला नव्हता, आणि तो जायची तिला घाईही नव्हती. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी आईनंच दुक्मला बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, ऐका. रविवारी ऑफिसातून राजीवभावजी तुमच्याशी वाकडे बोलले, तर घोळ मी घातलाय. हिनं नाही."

पलीकडे वारा घोंगावत होता.

"तुम्ही सिनेमा बघायला गेला होतात ना?" बाबांनी विचारलं.