झाकल्या डोक्याचं अक्षर

"जायच्या आधी गुरमुखी नीट गिरवून घे. आपल्याला म दिसतो ना, तो तिकडं म नसतो," आईनं लग्नाआधी मला तीनदा तरी बजावलं असेल. आम्ही नांदेडचे शीख. घरात पंजाबी, शाळा मराठी, आणि माझी रोजच्या प्रार्थनेची पुस्तिका देवनागरीत छापलेली. "अगं, मी एम.एस्सी. झालेय. पस्तीस अक्षरांचं काय एवढं?" म्हणून मी तिचं बोलणं उडवून लावलं.

दोन वर्षांनी सतलजकाठच्या या सासरच्या गावात माझ्या मुलीच्या नावाचं अक्षर निघालं, तेव्हा मी गुरुद्वारात ग्रंथसाहिब वाचणाऱ्या ग्रंथींच्या मागे चवरी ढाळत उभी होते.

मुलगी सातव्या महिन्यात झालेली. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. तिचे श्वास मोजायची सवय लागली ती घरी आल्यावरही सुटेना, आणि हळूहळू मी सगळ्यांच्याच हालचाली टिपायला लागले. नाव आमच्यात आपल्या मनानं ठेवत नाहीत. महाराजांचं, म्हणजे ग्रंथाचं, पान ग्रंथी सहज उघडतात. डाव्या पानावर जो वाक, म्हणजे जे वचन, येतो त्याचं पहिलं अक्षर नावाचं. एवढ्या मुश्किलीनं जगलेल्या पोरीचं अक्षर तरी शंभर टक्के खरं असावं, एवढंच मला हवं होतं.

आमचे ग्रंथी बाबा पाखरसिंगांनी पान उघडलं, क्षणभर थांबले आणि खणखणीत आवाजात वाक म्हटला. मग मान वर करून म्हणाले, "सस्सा!" म्हणजे स.

पानावर डावीकडे पहिलं अक्षर म होतं. मी बघितलं होतं.

प्रसादाचा शिरा वाटून होईपर्यंत सासूबाईंनी नाव ठरवूनही टाकलं. सिदक. घरी आल्यावर मी भीतभीत म्हटलं, "बीजी, बाबाजींचं वाचताना काही चुकलं तर नसेल?"

"चाळीस वर्षं वाचतायत ते! आमच्या सूनबाईंना सगळ्यांच्या चुका दिसतात. चुलीवरचं दूध तेवढं दिसत नाही."

दूध खरंच उतू जात होतं.

पण मला राहवेना. चार दिवस काही ना काही निमित्त काढून मी गुरुद्वारात जात राहिले. बाबाजी पायरी उतरण्याआधी अंगठ्यानं चाचपायचे. चहा ओतताना पेल्याच्या काठाला बोट लावून धरायचे. आणि वाचताना पानं वेळेवर उलटायची, पण डोळे ओळीवरून सरकायचेच नाहीत.

चौथ्या दुपारी दरबारात कुणी नव्हतं. मी पोरीला खांद्यावर घेऊन त्यांच्या समोर बसले.

"बाबाजी, रागावू नका. माझ्या मुलीच्या पानावर म होता. तुम्ही सस्सा म्हणालात."

ते रागावले नाहीत. एकदम पुढं सरकले. "तू पान बघितलंस? नीट सांग पुत्तर, त्याचं डोकं झाकलेलं होतं का उघडं?"

"डोकं?"

"अक्षराचं गं! वरची रेघ पुरी होती का?"

"पुरी. आमच्या म सारखीच."

बाबाजी असे हसले की सिदक दचकली. "नांदेडवाली! तुझा म तो आमचा सस्सा. आमच्या मम्माचं, म्हणजे म चं, डोकं उघडं. एवढी शिकलीस नि अक्षर ओळखता येईना? बीजीनं ऐकलं तर गावभर करेल!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते हसता हसता थांबले आणि दाढीवरून हात फिरवत राहिले.

"म्हणजे सस्साच होता," ते हळूच म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

"म्हणजे?"

"दिवाळीपासून मधलंही धुरकट झालंय, अक्षर लागत नाही. कडेकडेचं त्याआधीच गेलं. पान उघडतो, आणि जिभेवर जो वाक येईल तो म्हणतो. सांगितलं तर दुसरा ग्रंथी आणतील. गुरुद्वारातली ही खोली त्याची होईल. मी जाऊ कुठं?" मग विचारलं, "पुढची ओळ बघितलीस का? काय होती?"

मी एक अक्षर बघितलं होतं. पुढचं काहीच नाही.

"मग अक्षर खरं निघालं, बाकीचं माझ्या माथी," ते म्हणाले.

स वरून सुरू होणारे वाक किती असतील, म्हणजे योगायोगाची शक्यता किती, हा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला होता. त्यांचा चेहरा बघून तो सोडून दिला.

"गुरुद्वाराच्या कमिटीला सांगा, बाबाजी."

"सांगू का नको, ते मी महाराजांना विचारलं नसेल का? पण उत्तर कोण वाचणार? विचारायचं मी, आणि उत्तरही माझ्याच जिभेवरचं." ते थांबले. "तू वाच."

"मी? मला अजून म आणि स कळत नाही!"

"ते बरंच आहे. तुला पाठ काही नाही."

सिदकला त्यांच्या मांडीवर दिलं, हात धुतले, ओढणी सारखी केली आणि पान उघडलं. इथल्या पाट्यांवरून जुजबी उचललेलं अक्षर अक्षर जोडत, अडखळत वाचायला लागले. डोकं झाकलेलं, सस्सा. डोकं उघडं, मम्मा. बाबाजींचे ओठ मिटलेले होते. पुढं काय येणार हे ठाऊक नसलेला माणूस ऐकतो तसे ते ऐकत होते. तिसऱ्या ओळीला त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केला. "पुरे. कळलं."

ओळी काय होत्या ते सांगत नाही. उत्तर त्यांचं होतं.

रविवारी त्यांनी गुरुद्वारात जमलेल्या सगळ्या संगतीसमोर उभं राहून सांगितलं. दिवाळीपासून ज्यांच्या पोरांची नावं ठेवली, त्या घरांची नावं घेऊन माफी मागितली. काही जण चिडले, एक जण तर ताडकन उठून गेला. खोली मात्र कुणी काढून घेतली नाही. आता वाक त्यांची भाची घेते आणि शेजारी बसून तिचे उच्चार ते सुधारतात. आम्ही सिदकचं नाव बदललं नाही.

शहरातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलाय, डावा औषधाच्या थेंबांवर टिकून आहे. वर्षभर आधी आणलं असतं तर दोन्ही राहिले असते, असं म्हणाले. पण आणणार कोण? रोज सगळ्यांसमोर घडाघडा वाचणाऱ्या माणसाला दिसत नाही, हे कुणाच्या मनात तरी येईल का?

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी वयस्क माणूस रोज पोथी वाचत असेल, तर आज त्यांच्याकडे जरा जा. पोथी वाचायला सांगू नका, ती त्यांना पाठ असते. औषधाच्या पाकिटावरची तारीख विचारा, आणि सांगताना त्यांचे डोळे कुठं बघतायत ते बघा.